एका गंजातला चहा



शंभरीच्या सोहळ्यात आम्ही चहावर बोलतो, म्हणून हसू नका. कोरपन्याहून निघालेल्या दिंडीला पावसाळी पहाटे उठवते ती गंजातली वाफच.

आमचा चहा साधा. पाण्याला उकळी आली की ठेचलेलं अद्रक अन् गवती चहाची पात टाकायची, मग पत्ती, मग गूळ. दूध वेगळं तापवून, गंज उतरवल्यावरच ओतायचं. गुळासंगं उकळलं तर फाटतं. शेवटी इलायची.

पण सांगायचं ते वेगळंच. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानं पंढरीचं देऊळ सगळ्यांसाठी उघडलं. तरी गावोगावी काहींची कपबशी वेगळीच राहिली, दाराबाहेर ठेवलेली. आमच्या दिंडीतही राहिली. लपवून काय उपयोग? एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवणारे आम्ही, अन् पेल्याला विटाळ मानत होतो! ज्यांनी ती कपबशी निमूट विसळली, त्यांची आज आम्ही माफी मागतो.

आता गंज एक, पेले तेच सगळ्यांना. पण गावी परतल्यावर? आपापल्या घरची फळी बघा, माउली. तिथं वेगळा कप असेल, तर आपली वारी अजून पोचली नाही.

राम कृष्ण हरी.