शाळेचे वर्ष आणि मागे राहणारे मूल



जूनमधील प्रवेशापासून स्नेहसंमेलनापर्यंत हायस्कुलात कार्यक्रमांची रीघ असते. वर्षाखेरीस समारंभ किती झाले हे मोजण्यापेक्षा, एकदाही पुढे न आलेली मुले किती राहिली, हे पाहावे.

आपल्या जिल्ह्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयात त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले. दैनिकास रंगमंच लागला नाही. कागद, लेखणी व नित्यनेम पुरला.

चौथीच्या वर्गातही भिंतीवर असा कागद लावावा आणि त्यावर आळीपाळीने प्रत्येक मुलाचे लेखन यावे. येथे बुजलेले मूल हायस्कुलात सहसा आपणहून उभे राहत नाही. त्याची भीड मोडणे हे आपलेच काम आहे.