मुलगा आळशी कीं अडलेला?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आपल्या ख्रिस्तमंदिरास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, ह्याबद्दल आज आपण परमेश्वराचे आभार मानीत आहों. तें मंदिर वडीलधाऱ्यांनीं उभारिलें. मुलांचीं मनें घडविण्याचें काम आपणांकडे आहे. त्या कामांत आमच्या हातून घडलेली एक चूक आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा गृहपाठ कधीं पुरा नसे. विचारिलें असतां खालीं मान घालून उभा राही. आम्हीं त्याच्या वहींत ‘आळशी’ असा शेरा मारिला व वडिलांची सही आणावयास सांगितलें. वडिलांनीं सही केली आणि पोरास चोपही दिला. पुढच्या खेपेस शेऱ्याखालीं जी सही आली ती मुलाच्याच हातची होती! आळस घालविण्याच्या आमच्या उपायानें तो लबाडी मात्र शिकला.

त्या दिवशीं शाळा सुटल्यावर त्यास जवळ बसवून आम्हीं धडा वाचावयास दिला, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. घरीं आजीशीं सामवेदी बोलींत बोलणारा तो मुलगा, आणि शाळेचीं पुस्तकें इंग्रजी. चार ओळींतील निम्मे शब्द त्यास वाचतां येत नव्हते. मग गृहपाठ तो काय करणार? मुलगा अडलेला होता. दोष आमच्या पाहण्यांत होता. पुढें रोज दहा मिनिटें त्याजकडून मोठ्यानें वाचून घेतलें व अर्थ प्रथम त्याच्या बोलींत सांगावयास लाविला. वर्षअखेर तो पहिला आला असें नाहीं. परंतु न समजलेलें विचारावयास हात वर करूं लागला, आणि खोटी सही पुनः आली नाहीं.

तुरीन शहरांतील निराधार मुलांसाठीं आयुष्य वेंचणारे संत जॉन बॉस्को ह्यांनीं १८७७ सालीं आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. विवेक, धर्म आणि ममता ह्या तीन खांबांवर ती पद्धति उभी आहे. अपराधानंतर शिक्षा करण्यापेक्षां मुलाच्या सोबत राहून अपराध टाळणें, हें तिचें मर्म होय. मुलांवर नुसतें प्रेम असून भागत नाहीं, तें त्यांस जाणवलें पाहिजे, असें त्यांनीं १८८४ सालीं रोमहून आपल्या लोकांस कळविलें. आपल्या देशांतही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. शाळेंतून गेलेली छडी घरांत येऊं नये.

मग करावें काय? मूल मागें पडलें कीं प्रथम त्याचे डोळे, कान, झोंप व वाचन ह्यांची चौकशी करावी, शेरा मागाहून. काम नेमकें सांगावें: नुसतें ‘अभ्यास कर’ न म्हणतां, ‘हीं पांच गणितें सोडव, मग खेळावयास जा’ असें म्हणावें. शेजारच्या मुलाशीं तुलना न करितां, त्यानें स्वतः काल केलें त्याहून आज अधिक काय केलें तें पाहावें, आणि त्या श्रमांची वाखाणणी करावी. शिस्त सोडूं नये. चूक घडल्यास एकांतांत समजावून ती त्याच्याकडूनच दुरुस्त करवून घ्यावी.

आपल्या घरांत रात्रीं रोझरीनंतर मुलें वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मागतात. संत बॉस्कोही रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांशीं दोन प्रेमाचे शब्द बोलत असत. त्या वेळीं हातांतील मोबाईल बाजूस ठेवून ‘बाळा, आज काय अडलें?’ एवढेंच पुसावें, आणि उत्तर ऐकून रागावूं नये. ‘मला येत नाहीं’ असें म्हणावयाची ज्या घरांत भीति नाहीं, त्या घरांत खोट्या सहीची गरज पडत नाहीं.

तेवढा धीर व तेवढी ममता प्रभु येशू आपणां पालकांस आणि आम्हां शिक्षकांस देवो, हीच ह्या मंगल प्रसंगीं प्रार्थना.