बोंडअळीला धुरा दिसत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पर्यावरण म्हटले की आपल्याला वाटते, हा शहरातल्या लोकांचा विषय. वाघ, जंगल, कारखान्याचा धूर. कापसाला भाव नाही आणि तुम्ही पर्यावरणाचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण शेतकी कॉलेजात या शास्त्राची जी सूत्रे आम्ही शिकलो, ती जंगलापेक्षा कपाशीच्या वावरात जास्त स्वच्छ दिसतात. आणि वावरात त्यांचा हिशेब रुपयांत होतो. म्हणून आज तो विषय घेतला आहे.

पहिले सूत्र, कोण कोणाला खाते. कपाशीचा रस मावा खातो. माव्याला ढालकिडा खातो, क्रायसोपाची अळी खाते. ढालकिड्याला कोळी आणि पाखरे खातात. ही साखळी वर चढत जाते तसतसे खाणारे कमी होत जातात, कारण खाल्लेल्यातला बराचसा भाग जगण्यातच खर्च होतो. अंगी लागतो तो थोडा. मण‌भर पाल्यावर मावा भरपूर जगेल, पण त्या माव्यावर ढालकिडे मूठभरच जगतील. आता या वावरात जहाल औषध मारले तर काय होते? दोघेही मरतात. पण माव्याची मादी नराशिवाय पिल्ले घालते आणि ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होते. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगा व्हायला तीन आठवडे लागतात. मधल्या काळात मावा मोकळा. म्हणजे आपण पैसे देऊन चोराबरोबर राखणदारही मारला, आणि चोर आधी परत आला. १९८० च्या दशकात आंध्रच्या कापूस पट्ट्यात नवी पायरेथ्रॉइड औषधे भरमसाट मारली गेली आणि पाठोपाठ पांढऱ्या माशीने थैमान घातले, त्यामागेही हेच गणित होते.

दुसरे सूत्र, जो वाचतो त्याचीच अवलाद वाढते. लाखभर अळ्यांत दोन-चार अशा असतात की त्यांना विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की पुढची पिढी या दोन-चारांची. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. हिरव्या बोंडअळीपासून सुटका झाली, फवारे वाचले, हे आपण अनुभवले आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. पण गुलाबी अळीने पहिल्या बीटीला दाद देणे सोडले, हे गुजरातेत २०१० साली जाहीर झाले. पुढे तिने दोन जनुकांनाही पचवले आणि २०१७ साली महाराष्ट्रात हातातले पीक गेले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाण्याच्या पिशवीबरोबर बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी येत असे. ती कशासाठी होती? त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळावेत आणि ती जात पातळ व्हावी, यासाठी. हे समजावून सांगायला आपल्या वावरात कोणी आले नाही. पुड्या धुऱ्यावर पडून राहिल्या.

तिसरे सूत्र आज सर्वांत कामाचे. ज्याचे खाद्य तुटते त्याची वाढ तुटते. हिरवी अळी तूर, हरभरा, टमाटे, सगळ्यांवर जगते. गुलाबी अळीचे तसे नाही. तिची सारी भिस्त कपाशीवर, फार तर भेंडी-अंबाडीवर. तिची एक पिढी साधारण महिन्याभरात होते. समजा एका मादीमागे पाचच माद्या वाचल्या. ऑक्टोबरात एक असेल तर नोव्हेंबरात पाच, डिसेंबरात पंचवीस, जानेवारीत सव्वाशे, फेब्रुवारीत सव्वासहाशे. फरदड ठेवली म्हणजे आपण शेवटच्या दोन पिढ्यांना जेवण वाढले. तिथे वाढलेली अळी वाळक्या बोंडांत, सरकीत, पऱ्हाटीच्या ढिगात झोपून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन उठते. त्या वेळी कुठेच पात्या-फुले नसतील तर ती निपुत्रिक मरते. मे महिन्यात पाणी देऊन लावलेली कपाशी तिला सापडली, की एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जायला पूल मिळाला.

फरदड ठेवणारा शेतकरी मूर्ख नाही. पेरणीचे कर्ज अंगावर, भाव पडलेला, एखादा क्विंटल वर निघाला तर त्याला तो हवाच असतो. पण त्या एका क्विंटलात कवडी किती, वेचाई किती, आणि पुढच्या साली फवारे किती, हा हिशेब कागदावर मांडून बघा. शिवाय हे नुकसान एकट्याचे राहत नाही, कारण चौथे सूत्र असे, की निसर्गाचे माप सातबारा नाही, शिवार आहे. पतंगाला धुरा दिसत नाही. दहा जणांनी वावर साफ केले आणि अकराव्याने फरदड ठेवली, तर दहांची मेहनत पाण्यात.

म्हणून प्रत्येक गावाने आपल्या बैठकीत एवढे ठरवावे. डिसेंबरअखेर कपाशी संपवायची. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या, गुरे वावरात सोडायची, उरलेली बोंडे ती खातात. पऱ्हाटी धुऱ्यावर रचायची नाही. जळणाला हवी तर बोंडे झोडून, नष्ट करून मगच घरी न्यायची. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची. पाऊस पडल्याशिवाय लागवड नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे; सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत जिवंत अळी सापडली, तरच औषध. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

आणि कपाशीभोवती ज्वारीच्या दोन ओळी पेरा. ज्वारीचा मावा वेगळा, तो कपाशीवर जात नाही. पण त्याच्यावर वाढलेले ढालकिडे आणि क्रायसोपा कपाशीवर येतात. राखणदार फुकट, कडबा वरून. बीटी आणि सोयाबीनच्या रेट्यात खरिपाची ज्वारी आपल्या वावरातून गेली, तेव्हा वैरणीबरोबर हे राखणदारांचे घरही गेले.

सरकारकडे आपली मागणी आहेच. खरेदी केंद्रे वेळेवर उघडा, म्हणजे डिसेंबरात वावर मोकळे करणाऱ्याला पडेल भावात कापूस फेकावा लागणार नाही. ती मागणी आपण लढून घेऊ. पण अळी सरकारी आदेशाची वाट बघत नाही. शिवार आपले आहे, तारीख आपणच ठरवायची आहे. आजच्या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक गावाने ती लिहून द्यावी.