आरसा झाकून पाहा

कविता लिहिणारा माणूस आज धूर ओळखणाऱ्या यंत्राविषयी बोलणार आहे. पण माझं पोट कवितेवर चालत नाही. बी.ए. झाल्यापासून मी अकोल्याजवळच्या एका कापूस गोदामात स्टोअरकीपर आहे. अब्बाही कापसातलेच. ते एका जिनिंगमध्ये रात्रीचे चौकीदार होते.

कापसाची एक गाठ १७० किलोची असते. तिच्यात ठिणगी शिरली की लगेच ज्वाळा दिसत नाहीत, गाठ आतल्या आत तासन् तास धुमसत राहते. अब्बा गाठींच्या ओळींमधून फिरायचे, थांबून वास घ्यायचे आणि गाठीला तळवा लावून पाहायचे. त्यांचं नाक हेच तिथलं यंत्र होतं.

आमचं गोदाम साठ मीटर लांब, चोवीस मीटर रुंद आणि दहा मीटर उंच आहे. घरात-ऑफिसात छताला बसवतात ती वाटीसारखी यंत्रं इथे फारशी कामाची नाहीत. एवढ्या उंचीवर पोचेपर्यंत धूर पसरून विरळ होतो. म्हणून २०१६ साली किरणांची दोन यंत्रं बसवली. एका भिंतीवर यंत्राची पेटी आणि समोरच्या भिंतीवर परावर्तक. परावर्तक म्हणजे सायकलच्या मागे लाल काच असते ना, तिचाच मोठा पांढरा भाऊ. साठ मीटरच्या अंतराला असे चार तुकडे जोडून लावावे लागतात. पेटीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो, परावर्तकावर आपटून परत येतो आणि पेटी तो मोजते. मधे धूर आला की परतणारा उजेड घटतो. साधारण ३५ टक्के घटला आणि काही सेकंद तसाच राहिला की घंटा वाजते. एकदम सगळाच अडला, तर यंत्र त्याला आग म्हणत नाही, बिघाड म्हणतं. धूर असा एका क्षणात भिंतीसारखा उभा राहत नाही, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. मधे एखादं फडकं लोंबलं असेल किंवा खालून कुणी उंच शिडी नेली असेल. मला हा विचार फार आवडला.

यंत्रं बसली, हिरवे दिवे लागले आणि रजिस्टरात ‘दोन्ही यंत्रे ठीक’ असं लिहून मी सही केली.

मार्च उजाडला आणि पहिलं यंत्र रोज दुपारी बोंबलू लागलं. धूर नाही, काही नाही. चौकीदार म्हणाला, ‘भाऊ, हे काहून दुपारचंच वाजते?’ मी म्हटलं, पाहू. आठवडाभर पळून पळून तो कंटाळला आणि एके दिवशी त्याने घंटीची वायरच काढून ठेवली. मला ते कळलं होतं. मी काही बोललो नाही. हे आज मुद्दाम सांगतो आहे.

पुढे दुरुस्तीला एक तरुण तंत्रज्ञ आली. तिने दुपारच्या घंटेचं कारण वर चढण्याआधी, खालूनच ओळखलं. पेटी पक्क्या भिंतीवर नव्हती. ती छताच्या पत्र्याला धरणाऱ्या पातळ लोखंडी पट्टीवर होती. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पत्रा तापला की पट्टी वाकते आणि पेटी हलते. पेटी अर्धा अंश जरी हलली तरी साठ मीटरवर किरण अर्धा मीटर सरकतो. तो परावर्तकावरून थोडा घसरला की उजेड घटतो, आणि यंत्राला तो धूर वाटतो. तिने पेटी विटांच्या भिंतीवर घेतली. तीही अगदी छताला चिकटवून नव्हे, अर्धा मीटर खाली. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि त्याखाली धूर अडून राहू शकतो.

मग नेम धरणं आलं. आधी नजरेने जवळपास, मग दोन बारीक चाकं फिरवत, एक आडवं, एक उभं. आकडा वाढतो, वाढतो, मग उतरू लागतो, की थोडं मागे यायचं. रेडिओचं स्टेशन लावल्यासारखं.

‘आता दुसरं,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘ताई, ते गुणी आहे. चौदा महिन्यांत एकदाही वाजलं नाही.’ तिने काळं फडकं मागितलं. चाकांच्या मचाणावर मीच चढलो आणि परावर्तक झटकन झाकला. झटकनच झाकायचा; हळूहळू झाकला तर यंत्राला धूर वाटतो. आता बिघाडाचा पिवळा दिवा लागायला हवा होता.

हिरवाच राहिला.

तिने पेटीच्या रेषेत पाहिलं. दहा-बारा मीटरवर छताखालून एक नवा चकचकीत जस्ती पाइप गेला होता. किरण त्याच्यावरून परतत होता. म्हणजे चौदा महिने ते यंत्र फक्त त्या पाइपापर्यंतच पाहत होतं. पुढच्या जवळजवळ पन्नास मीटरवर, गाठींच्या डोक्यावर, काहीच नव्हतं. आरसा हा शब्द आम्ही कवींनी पार झिजवून टाकला आहे, पण आरशाऐवजी भलत्याच वस्तूकडे पाहून समाधानी राहणारा डोळा मला कधी सुचला नव्हता.

त्या चौदा महिन्यांत आग लागली नाही. लागली असती तर? एक यंत्र त्या पाइपाकडे पाहत होतं, दुसऱ्याची घंटी काढलेली होती आणि अब्बांचं नाक केव्हाच गेलं होतं.

तिने नेम पुन्हा धरला, पाइपाला बगल दिली, मी पुन्हा झाकलं आणि पिवळा दिवा लागला. मग काळ्या ठिपक्यांची चाचणी-पट्टी पेटीसमोर धरून तिने खरा इशाराही वाजवून घेतला. घंटीची वायर चौकीदाराने स्वतः जोडली. माझ्याकडे न पाहता.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी फडकं घेऊन चढतो. गुडघे कुरकुरतात, पण ते काम मी दुसऱ्याला देत नाही. काचेवर बसलेला कापसाचा भुगाही पुसतो. चौकीदार खाली पॅनेलपाशी उभा राहतो. त्याची हाक येईपर्यंत मी फडकं धरून असतो. ‘पिवळा लागला, भाऊ!’ मग मी ते काढतो.