भित्तिपत्रकापासून हातपंपापर्यंत

(विश्रामबाग, सांगली येथील भाषण)



चित्रकाराने राजकारण करावे काय, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही चवीने चघळला जातो. नवज्योत अल्ताफ यांच्यापुरता तो केव्हाच निकालात निघाला आहे. १९४९ साली मेरठ येथे जन्मलेल्या नवज्योत मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकल्या आणि सत्तरीच्या दशकात चित्रकार पती अल्ताफ मोहमदी यांच्यासह ‘प्रोयोम’ या डाव्या युवक संघटनेत उतरल्या. भित्तिपत्रके काढावीत, चित्रे कलादालनाबाहेर वस्त्यांत न्यावीत, अशी त्या तरुणांची धडपड होती.

भित्तिपत्रकाची एक मर्यादा मात्र असते. त्यात बोलणारा एक, बाकीचे सारे ऐकणारे. (आपल्या सभांचेही बहुधा तसेच असते.) मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर, १९९४ मध्ये जहांगीर कलादालनात त्यांनी तुटलेल्या आणि पुन्हा शोधलेल्या दुव्यांवरील मांडणीशिल्प उभे केले. तेव्हा केवळ रंग आणि कापड त्यांना अपुरे वाटू लागले होते.

खरे वळण आले ते बस्तरमध्ये. १९९७ च्या सुमारास त्या कोंडागावला गेल्या आणि शांतीबाई, राजकुमार अशा स्थानिक आदिवासी कलावंतांबरोबर काम करू लागल्या. या कलावंतांना ‘कारागीर’ म्हणून बाजूला बसवण्याची शहरी कलाविश्वाची जुनी खोड आहे. येथे ते बरोबरीचे सहकारी होते. निर्मिती त्यांच्याही नावाने ओळखली जाते.

या सहकार्यातून ‘नळपार’ उभे राहिले. नळपार म्हणजे हातपंपाभोवतीचा बांधीव परिसर. बाईने भरलेले भांडे जमिनीवरून एका दमात डोक्यावर न घेता मध्ये टेकवावे, म्हणून त्यात कोनाडे व टेकू ठेवले. सांडलेल्या पाण्याला वाट दिली. भिंतींना शिल्परूप दिले. पाणी भरायला आलेल्या बायामुलांना तिथे घटकाभर थांबता येते, बोलता येते. जत-आटपाडीकडच्या ज्या भगिनींनी दुष्काळात हंडे वाहिले आहेत, त्यांना या टेकूचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल की पाण्याची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य. कलावंताने ते अंगावर घेतले तर शासन सुटते. आक्षेप रास्त आहे, आणि पंपाची मागणी शासनाकडेच केली पाहिजे. पण पंप आल्यावरही भांडे कोण उचलते, पाठ कोणाची दुखते, हे विचारायचे राहूनच जाते. आपल्या मागणीपत्रकांत तरी ते कितीदा आले?

२०१८ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवज्योत यांच्या पाच दशकांच्या कामाचे प्रदर्शन भरले. ‘प्रोयोम’च्या दिवसांपासून बस्तरपर्यंतचा सारा प्रवास एका छताखाली आला, कोंडागावचे नळपार मात्र तिथे आणता येण्यासारखे नव्हते.