कार्यपूर्तीनंतर विसर्जन

(शरीरात विरघळून जाणाऱ्या विद्युतवाहक पदार्थांविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांचा अंत कसा झाला, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ऑगस्ट २०१२मध्ये त्यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर हृदयाची लय काही दिवस बिघडू शकते. म्हणून हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा बसवतात, त्यांची टोके छातीबाहेर आणतात आणि ती बाहेर ठेवलेल्या पेसमेकरला जोडतात. हृदय सावरले की तारा ओढून काढावयाच्या, अशी रीत आहे. आर्मस्ट्राँग यांच्या तारा काढल्यावर आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला आणि २५ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तारांनी आपले काम चोख केले होते. घात झाला तो काम संपलेली वस्तू बाहेर काढताना.

त्या तारा काढाव्याच लागल्या नसत्या तर? योगायोग असा की, सुमारे महिन्याभरानंतर ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील जॉन रॉजर्स, फिओरेंझो ओमेनेट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाण्यात पूर्णपणे विरघळून जाणारे इलेक्ट्रॉनिक परिपथ त्यांनी तयार केले होते. त्यांत वीज वाहून नेण्यास मॅग्नेशियम, विद्युतरोधक म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइड, अर्धवाहक म्हणून सिलिकॉनचे अतितलम पटल आणि या सर्वांस आधार म्हणून रेशीम, अशी योजना होती.

हे पदार्थ का निवडले, हे पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या उपकरणांतील सोने शरीरात वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. मॅग्नेशियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन तयार होतो. मॅग्नेशियम तर शरीराला रोजच्या आहारातूनच लागणारे मूलद्रव्य आहे. सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात ते विरघळते, पण दिवसाला काही नॅनोमीटर इतक्या मंद गतीने. नेहमीच्या जाडीची चकती विरघळण्यास शेकडो वर्षे लागतील. तेच पटल शंभर नॅनोमीटरपेक्षा पातळ केले, तर काही आठवडे पुरतात.

शस्त्रक्रियेत वापरलेली वस्तू शरीरातच विरून जावी, हा विचार मात्र नवा नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याचे छिद्र सांधण्यासाठी काळ्या मुंग्यांचा दंश घडवून, त्यांची धडे तोडून, डोकी तशीच आत ठेवण्याची क्रिया सांगितली आहे. १८७८मध्ये एडवर्ड ह्यूज या वैद्यकाने रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली. विरघळणारे टाके तर आज सर्वत्र वापरात आहेत. या सर्वांत आधुनिक विद्युतविद्या शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. टाका केवळ धरून ठेवतो. विरघळणाऱ्या तारेने त्याशिवाय वीजही वाहून न्यावयाची असते.

खरी अडचण येथेच आहे. शरीर आतून ओले असते आणि ओलाव्यात तार विरघळू लागते. तार फार लवकर तुटली, तर रुग्णाचे हृदय ऐन गरजेच्या वेळी निराधार होईल. म्हणून आवरणाचे महत्त्व मोठे. रेशमातील प्रथिनाची स्फटिकरचना कमी-अधिक केली की त्याचा विरघळण्याचा वेळ बदलतो. टंगस्टन व मॉलिब्डेनम हे धातू मॅग्नेशियमहून सावकाश विरघळतात. कोणता पदार्थ किती जाड असावा, याचे गणित म्हणजेच त्या यंत्राचे आयुष्य.

हे गणित २०२१मध्ये हृदयापर्यंत पोहोचले. रॉजर्स आणि हृदयतज्ज्ञ इगोर एफिमोव्ह यांच्या गटांनी बॅटरी व बाहेर येणाऱ्या तारा यांशिवाय चालणारा, अर्ध्या ग्रॅमपेक्षा हलका पेसमेकर तयार केला. त्याला बाहेरून बिनतारी ऊर्जा मिळते आणि पाच ते सात आठवड्यांत तो शरीरात विरून जातो. एप्रिल २०२५मध्ये त्याहून लहान, तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर जाहीर झाला. तो ३.५ मिलिमीटर लांब, १.८ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असून सुईवाटे शरीरात सोडता येतो. त्याची दोन विद्युताग्रे वेगवेगळ्या धातूंची आहेत. शरीरातील द्रवामुळे त्यांचाच विद्युतघट बनतो. छातीवर चिकटवलेली पट्टी हृदयाची लय टिपते आणि त्वचेतून प्रकाशाचे स्पंद पाठवून त्याला चालू-बंद करते.

याचे मोल सर्वाधिक आहे ते तान्ह्या बाळांच्या बाबतीत. जगात सुमारे एक टक्का बालके हृदयातील जन्मजात दोष घेऊन जन्मतात. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांतील अनेकांना कृत्रिम स्पंदनाचा आधार जेमतेम आठवडाभर लागतो. तेवढ्यासाठी त्या इवल्याशा छातीतून तारा काढाव्या लागू नयेत, हेच या साधनेचे ध्येय आहे. मात्र घाईने जयघोष करू नये. हे पेसमेकर पारखले गेले ते प्राण्यांवर आणि मानवी हृदयाच्या ऊतींवर वा मृत दात्यांच्या हृदयांवर. रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचण्यास कठोर चाचण्यांची वाट चालावी लागेल.

हाच विचार रुग्णालयाबाहेरही लागू पडतो. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील पाव हिश्शाचीही रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. वर्षानुवर्षे टिकावा लागणारा दूरध्वनी संच विरघळणारा करता येणार नाही. परंतु शेतातील ओल मोजणारा, एका हंगामापुरता संवेदक मातीत मिसळून जाऊ शकतो.

पार्थिव मूर्ती मातीची घडवावी, तिची प्राणप्रतिष्ठा करावी आणि उत्सव संपताच ती पाण्यात विसर्जित करावी, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. न विरघळणाऱ्या मूर्तींनी जलाशयांचे काय केले, हेही आपण पाहिले आहे. रेशीम उत्पादनात चीनखालोखाल भारताचाच क्रमांक लागतो. धातुशास्त्र व औषधनिर्माण यांची परंपराही येथे आहे. वस्तू किती टिकेल, याबरोबरच ती केव्हा व कशी निरोप घेईल, हा प्रश्न रेखाटनाच्या पहिल्या दिवशीच विचारणारे अभियंते येथे घडले, तर एखाद्या तान्हुल्याच्या छातीतील तार ओढण्याचा प्रसंग टाळण्यात या देशाचाही वाटा असेल.