किडनीच्या आड लपलेला टीबी
आखाडा बाळापूरहून डायलिसिससाठी नांदेड किंवा हिंगोली गाठणाऱ्या माणसाला थकवा, मंदावलेली भूक, उतरलेलं वजन नवं नसतं. टीबी नेमका इथंच लपतो; सगळं किडनीच्या नावावर खपतं. त्यातून तो गाठींत किंवा छातीच्या पाण्यात असला, तर बेडका तपासूनही सापडत नाही. म्हणून संध्याकाळी कसकस वाटली, की डॉक्टरांना टीबीचं स्पष्ट विचारा. टीबीच्या गोळ्या नेहमीच्याच, डायलिसिसवर वेळापत्रक वेगळं: रिफॅम्पिसिन, आयसोनायझिड रोज, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल बहुधा आठवड्यातून 3 वेळा, तेही डायलिसिसनंतर, कारण या शेवटच्या दोन औषधांचा निचरा किडनीवाटे होतो. टीबीच्या रुग्णाला पोषक आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिना 1000 रुपये मिळतात. मात्र डाळ-शेंगदाणे किती खायचे, ते किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा.